वही आधी, निवेदन नंतर

पत्राचा गोषवारा : बेळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अठरा वर्षं दवाखाना चालवणाऱ्या एमबीबीएस डॉक्टरांचं हे पत्र आहे. रोज साठ-सत्तर रुग्ण. निम्मे मराठी, निम्मे कन्नड, काही हद्दीपलीकडच्या, महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणारे. यंदाच्या पावसाळ्यात एकाच महिन्यात त्यांना तीन निरोप आले. एका वैद्यकीय महाविद्यालयानं विचारलं, आठवड्यातल्या दोन सकाळी विद्यार्थी पाठवू का? तालुका आरोग्य कार्यालयानं क्षयरोगाच्या बैठकीला बोलावलं. तिसरा निरोप गावातला. खालच्या गल्लीतून काविळीचे 'बरेच रुग्ण' येऊ लागले, तेव्हा तिथल्या तरुण मंडळानं गढूळ पाण्याविरुद्धच्या मोर्चात पुढं चालायला आणि निवेदनावर पहिली सही करायला सांगितलं. दवाखान्याला लागून असलेलं औषध दुकान पत्नी सांभाळतात. त्या म्हणतात, 'आधी दवाखाना बघा, मग गाव.' एका ज्येष्ठ डॉक्टरांनी बजावलं, 'डॉक्टरनं राजकारणात पडू नये.' सही केली तर दवाखान्याची तपासणी मागं लागेल आणि मराठी मंडळाबरोबर दिसलो तर कन्नड रुग्ण दुरावतील, अशी त्यांना भीती वाटते. ते विचारतात : हे माझं काम आहे का? असेल तर यातलं कुठलं, आणि किती?

डॉक्टर,

तुमच्या पत्रातल्या 'बरेच' या शब्दाशी मी अडलो. खालच्या गल्लीतले काविळीचे बरेच रुग्ण म्हणजे किती? कुठल्या तारखेपासून? कुठल्या घरांतून? हे चित्र तुमच्या डोक्यात नक्की आहे, पण कागदावर नाही. तिन्ही निरोपांची उत्तरं तिथूनच निघतात.

पण आधी 'हे माझं काम आहे का' हा प्रश्न मार्गी लावू. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम काढा. २०२३ मध्ये नवे आले, पण ते लगेच स्थगित झाले, त्यामुळं जुनेच चालू आहेत. त्यातलं पाचवं प्रकरण डॉक्टरच्या समाजाविषयीच्या कर्तव्याचं आहे. आपल्याकडं खास शिक्षण आहे, म्हणून चांगला नागरिक या नात्यानं सार्वजनिक आरोग्याबद्दल लोकांना सल्ला द्यावा आणि संसर्गजन्य रोगाचा रुग्ण आढळला की आरोग्य यंत्रणेला कळवावं, असं त्यात सांगितलं आहे. वैद्यक परिषदेत नाव नोंदवलं त्या दिवशीच तुम्ही हे पत्करलं. तुमच्या ज्येष्ठांच्या सांगण्यात तथ्य आहे आणि त्याकडं मी पुढं येईन. पण पक्षाच्या व्यासपीठावर न बसणं आणि दवाखान्यात जे दिसलं ते न सांगणं, या दोन गोष्टी त्यांनी एकाच गाठोड्यात बांधल्या आहेत.

आता वही. दोनशे पानी एक वही आणा आणि उभे सात रकाने आखा : तारीख, वय, स्त्री की पुरुष, गल्ली किंवा गाव, तक्रार, किती दिवस, पाणी कुठलं. रुग्णाचं नाव लिहायचं नाही. तक्रारीच्या रकान्यात ठरलेले सहाच शब्द : ताप, अंगावर पुरळ असलेला ताप, जुलाब, कावीळ, कुत्रा, साप (शेवटचे दोन चाव्यांसाठी). मधुमेह, रक्तदाब, सांधेदुखी यात घालू नका. अशा वह्या दोन आठवड्यांत बंद पडतात त्या याच हव्यासापायी. नोंद तुम्ही करायची नाही. चिठ्ठीच्या कोपऱ्यात 'का', 'जु', 'ता' असं एक अक्षर टाका. औषध देताना काउंटरवर ते वहीत उतरवलं जाईल. शनिवारी रात्री दवाखाना बंद करताना गल्लीवार बेरीज करा. वीस मिनिटं पुरतात.

सर्रास चूक होते ती पत्त्यात. रुग्ण आधार कार्डावरचा पत्ता सांगतो आणि राहतो बहिणीकडं. काविळीच्या रुग्णाला विचारायचा प्रश्न असा : 'गेल्या दोन महिन्यांत पाणी कुठकुठलं प्यालात?' दोन महिने कशासाठी, तर अ आणि ई प्रकारच्या काविळीचा विषाणू पोटात गेल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणून आज नळाचं पाणी तपासून ते स्वच्छ निघालं तरी प्रश्न मिटत नाही. शोधायचा दोष महिन्यापूर्वीचा असतो. त्या सुमारास रस्ता कुठं खोदला, पाइप कुठं फुटला, व्हॉल्व्ह कधी बदलला, हे वॉटरमनला अचूक माहीत असतं. त्याला दोषी धरू नका, माहीतगार म्हणून विचारा.

दोष बहुधा कसा असतो, हे तुमच्यासारख्या इतर वाचकांसाठीही सांगतो. पाणी चार-पाच दिवसांआड येतं. मधल्या काळात पाइप रिकामा असतो, आत दाब नसतो. घरचं कनेक्शन जिथं गटारातून किंवा गटाराखालून जातं, तिथल्या सैल जोडातून सांडपाणी आत झिरपतं. पाणी सुटलं की नळाला थेट मोटार लावली जाते. मोटार ओढू लागली की त्याच जोडातून आणखी घाण खेचली जाते. म्हणून पहिल्या दहा मिनिटांचं पाणी सगळ्यात वाईट, आणि सर्वांत जास्त फटका लाइनच्या शेवटच्या घरांना. नमुना घ्यायचा तो शेवटच्या घरातून : एक पाणी सुटताक्षणी, दुसरा अर्ध्या तासानं. टाकीपाशी घेतलेला नमुना बहुतेक वेळा चांगलाच निघतो, आणि 'पाणी शुद्ध आहे' असं उत्तर त्याच्याच जोरावर येतं.

तपासण्या दोन, आणि दोन्ही स्वस्त. पहिली क्लोरिनची. ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून येणारा पिवळा रंग पट्टीशी ताडायचा. मोकळ्या, म्हणजे जंतू मारायला शिल्लक असलेल्या, क्लोरिनचा आकडा हवा असेल तर रंग दहा सेकंदांच्या आत वाचायचा. थांबलात तर रंग गडद होत जातो आणि आकडा खोटाच वाढतो. नळाच्या टोकाला लिटरमागं किमान ०.२ मिलिग्रॅम हवं. दुसरी एच-टू-एसची बाटली. पाणी खुणेपर्यंत भरून खोलीत ठेवायचं. एक-दोन दिवसांत काळं झालं तर त्यात विष्ठा मिसळल्याचा दाट संशय. बाटलीवरची मुदत आधी बघा. या बाटल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात का ते विचारा.

रुग्णांची तपासणी सगळ्यांची नको. पहिल्या चार-पाच जणांचं रक्त अ आणि ई काविळीच्या आयजीएम (संसर्ग ताजा आहे का ते दाखवणाऱ्या) चाचणीसाठी आरोग्य निरीक्षकांमार्फत पाठवा. गल्लीत गरोदर बायका किती आहेत, याची यादी आशा कार्यकर्तीकडून त्याच दिवशी घ्या. ई प्रकारची कावीळ शेवटच्या तिमाहीत जिवावर बेतते. अशा बाईला कावीळ दिसली तर 'उद्या बघू' म्हणू नका, तिला त्याच दिवशी बेळगावला पाठवा. झाडपाल्याच्या औषधावरून रुग्णांशी भांडू नका. भांडलात तर ते औषधही घेतात आणि तुमच्याकडं यायचंही थांबतात. एवढंच पक्कं सांगा : झोप अनावर झाली, बोलणं असंबद्ध झालं, उलट्या थांबेनात किंवा कुठून रक्त आलं, तर रात्री दोनलाही दार वाजवा.

एवढं हातात आलं की निवेदनाचा विचार करा. पत्र एकाच पानाचं : किती रुग्ण, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठल्या गल्लीतले, वयोगट काय, पाण्याच्या दोन नमुन्यांचे निकाल, आणि शेवटी नेमकी मागणी. 'योग्य ती कार्यवाही व्हावी' ही मागणी होत नाही. 'अमुक घरापासून अमुक घरापर्यंतची गटारातली कनेक्शनं वर उचलावीत, आणि ते होईपर्यंत दर पाळीला शेवटच्या घरातलं क्लोरिन मोजून त्याची नोंद ठेवावी,' ही मागणी होते. सोबत गल्लीचा हातानं काढलेला नकाशा जोडा, रुग्णाच्या घरावर ठिपका. नकाशात मात्र नावं किंवा घर क्रमांक नको. सोयरीक मोडायला तेवढं पुरतं. पत्र नगरपंचायतीच्या मुख्याधिकाऱ्यांना, प्रती तालुका आणि जिल्हा आरोग्याधिकाऱ्यांना. आवक क्रमांक आणि शिक्क्यासह पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. पंधरा दिवस वाट बघा. मग पाणी तपासणीच्या नोंदी माहिती अधिकारात मागा : दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. कर्नाटकच्या नियमांत एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. लांबलचक अर्ज त्याच कारणानं परत येतात.

पत्राच्या भाषेबद्दल मन मोकळं करून सांगतो, कारण आपल्या भागात ही गोष्ट हळवी आहे. हे पत्र कन्नडमध्ये लिहा. कार्यालयातली फाइल त्या भाषेत पुढं सरकते, आणि आत्ता तुम्हाला पाइप दुरुस्त करून हवा आहे. मराठीचा आग्रह धरा तो रुग्णाच्या हातातल्या कागदासाठी. 'पाणी उकळा, पाण्यात हात बुडवू नका, ओगराळ्यानं घ्या' हे आजीला तिच्या भाषेत कळलं नाही तर तो कागद वाया गेला. एका बाजूला कन्नड, दुसऱ्या बाजूला मराठी, एकच चित्र, एकच मजकूर. त्या गल्लीतली कन्नड घरंही तेच पाणी पितात. दोन्ही बाजूंचा कागद तुमच्या सहीनिशी दोन्ही घरांत पोचला की रुग्ण दुरावण्याची भीती पुष्कळ कमी होईल.

मोर्चाच्या पुढं चालू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मंडळाला तुमचे आकडे द्या, नकाशा द्या, बैठकीत समजावून सांगा. तुम्ही पुढं चाललात तर चर्चा तुमच्यावर होईल आणि गटारातलं कनेक्शन तसंच राहील. पाण्याच्या निवेदनावर सही जरूर करा. मात्र त्याच कागदावर फलकांच्या भाषेचा, सीमाप्रश्नाचा किंवा येत्या निवडणुकीचा मुद्दा असेल तर पाण्यासाठी वेगळा कागद मागा. त्या मुद्द्यांवर नागरिक म्हणून तुमचं मत असेल, ते दुसऱ्या जागी मांडा. तुमच्या ज्येष्ठांच्या सल्ल्यातलं घेण्यासारखं आहे ते हेच. वर्तमानपत्रात लिहायलाही त्याच आचारनियमांत मुभा आहे : सार्वजनिक आरोग्याच्या विषयावर स्वतःच्या नावानं लिहिता येतं, भाषण देता येतं, स्वतःच्या दवाखान्याची जाहिरात होईल असं नको. दवाखान्याचा पत्ता आणि वेळा लेखाखाली छापू देऊ नका.

तपासणीची भीती खरी आहे, तिला उपाय कागदांचा. केपीएमईची, म्हणजे कर्नाटकच्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखालची, नोंदणी मुदतीत आहे ना, ती भिंतीवर आहे ना, दरपत्रक लावलंय ना, कर्नाटक वैद्यक परिषदेची नोंदणी चालू आहे ना, हे आधी बघा. पदवी महाराष्ट्रातली असून फक्त तिथलीच नोंदणी असलेले डॉक्टर आपल्या पट्ट्यात आहेत, त्यांनी तर हे आजच उरकावं. जैव कचऱ्याचा करार, पिवळी-लाल पिशवी आणि सुयांचा पांढरा डबा, कचरा नेल्याच्या पावत्या. निवेदन देण्याआधी एक रविवार यासाठी काढा.

वहीचे सहा शब्द जागेप्रमाणे बदलतात. खानापूरच्या जंगलपट्ट्यात 'गोचीड' हा सातवा शब्द घाला, कारण गोव्यातल्या सत्तरीत २०१५ पासून आणि सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात २०१६ पासून गोचीड चावून होणारा माकडताप आढळला आहे आणि काजूच्या हंगामात आपली माणसं तिकडं कामाला जातात. डिसेंबर ते मे या काळात ताप आणि डोकं फुटेल अशी डोकेदुखी घेऊन कुणी आलं, तर जंगल आणि मेलेलं माकड याबद्दल विचारा. अथणी, रायबाग, चिकोडीच्या ऊसपट्ट्यात ऊसतोडणीच्या टोळ्या दिवाळीला येतात आणि कोपीतल्या पोरांच्या लसी चुकतात. त्यांचं कार्ड महाराष्ट्रातलं असलं तरी इथल्या केंद्रात लस मोफत मिळते, हे मुकादमाला सांगावं लागतं. निपाणीच्या डॉक्टरांनी तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचा खोकला वेगळा मोजावा. सर्पदंशाचा रुग्ण कर्नाटकात २०२४ पासून कळवणं बंधनकारक आहे.

क्षयरोगाचं थोडक्यात सांगतो, कारण तिथं निवडीचा प्रश्नच नाही. खासगी डॉक्टरनं क्षयरुग्ण कळवणं मे २०१२ पासून सक्तीचं आहे आणि न कळवणं २०१८ पासून गुन्हा. निक्षय या क्षयरोगाच्या सरकारी पोर्टलवर दवाखान्याची नोंद तालुक्याचे क्षयरोग पर्यवेक्षक करून देतात. रुग्ण कळवल्याबद्दल ५०० आणि उपचाराचा शेवट काय झाला ते भरल्याबद्दल ५०० रुपये डॉक्टरला मिळतात. दुसरे बहुतेकांचे बुडतात, कारण सहा महिन्यांनी कुणाला आठवत नाही. उपचार सुरू केला त्याच दिवशी भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहावा महिना खुणावून ठेवा. रुग्णाला पोषणासाठी नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १००० रुपये मिळतात, सरकारी गोळ्या खासगी रुग्णालाही मोफत. चंदगडचा रुग्ण असेल तर पत्ता चंदगडचाच घाला म्हणजे घरच्यांची तपासणी तिकडून होते. इथला नातेवाइकाचा पत्ता घातला की तो दोन्हीकडून निसटतो. 'लग्न ठरायचंय, कुणाला सांगू नका' असं म्हणणाऱ्या मुलीला, घरी कुणी न येता फोनवर पाठपुरावा होऊ शकतो का, ते तिच्यासमोरच पर्यवेक्षकांना विचारून द्या. बैठकीला एक महिना आड जा, आणि जाताना एकच अडचण लिहून न्या.

विद्यार्थ्यांबद्दल तुमची शंका अशी की 'मी प्राध्यापक नाही, मी काय शिकवणार?' बेळगावात जवाहरलाल नेहरू महाविद्यालय १९६३ पासून आहे, पुढं बिम्स हे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आलं. पण तिथल्या वॉर्डात पोचणारा रुग्ण आधीच चाळलेला असतो. ताप दुसऱ्या दिवशी कसा दिसतो, कुणाला घरी पाठवायचं आणि कुणाला थांबवायचं, हे तुमच्याच टेबलावर दिसतं. आणि भाषा. बाहेरून आलेल्या मुलाला 'अंगावरून जातंय', 'छातीत भरून आलंय', 'जीव घाबरा होतोय', 'पोटात कळ येते' यांतला फरक पुस्तकात मिळत नाही. 'जीव घाबरा' म्हणणाऱ्या पन्नाशीच्या बाईचा ईसीजी का काढायचा, हे त्यानं तुमच्याकडं एकदा बघितलं तर जन्मभर विसरणार नाही.

अटी मात्र लेखी ठेवा. दोन नव्हे, एकच सकाळ. एका वेळी दोनच विद्यार्थी. मानद शिक्षक म्हणून महाविद्यालयाचं नेमणूकपत्र. विद्यार्थी चिठ्ठी लिहिणार नाहीत, सुई टोचणार नाहीत. बाहेर मराठी-कन्नड पाटी : 'आज विद्यार्थी आहेत, नको असल्यास सांगा.' नको म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. त्या सकाळी दर चौथा नंबर रिकामा ठेवा, नाहीतर अकरा वाजता बाहेर कुरबुर सुरू होते आणि आत शिकवणं आटोपतं घ्यावं लागतं. शिकवायची रीत पाच वाक्यांची : तुला काय वाटतं? कशावरून? मग तुम्ही एक नियम सांगा, त्याचं काय बरोबर होतं ते सांगा, कुठं चुकला ते सांगा. सर्पदंश शिकवताना वीस मिनिटांची रक्त गोठण्याची चाचणी करून दाखवा : दोन मिलिलिटर ताजं रक्त, कोरडी काचेची नळी, वीस मिनिटं हलवायची नाही. प्लास्टिकची किंवा साबणानं धुतलेली नळी वापरली तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि नको त्याला प्रतिविष दिलं जातं. हीच चाचणी परिचारिकांना शिकवलीत तर तेही तुमचं शिकवणंच. महाविद्यालयाला कळवा की दिवाळीनंतर सुरू करू. पावसाळ्यातली तापाची गर्दी ओसरलेली असेल. तीन महिन्यांनी पुन्हा ठरवा.

मिळून आठवड्याला तीन तासांच्या वर जाऊ नका. कधी आरोग्य शिबिर घ्यायचं ठरलं तर त्यासाठी औषध कंपनी मंडप आणि जेवण देऊ करेल, ते नाकारा.

राहिलं तुमच्या पत्नीचं म्हणणं. त्या 'गाव नको' म्हणत नाहीत, क्रम सांगतात, आणि क्रम बरोबर आहे. शिवाय या कामात त्यांच्याकडं तुमच्यापेक्षा जास्त माहिती असण्याची शक्यता आहे. गटाराचं पाणी लाइनमध्ये शिरलं की जुलाब दोन-चार दिवसांत सुरू होतात आणि कावीळ साधारण महिन्यानं दिसते. जुलाबाला लोक डॉक्टरकडं येत नाहीत, काउंटरवरून ओआरएसची पाकिटं आणि गोळ्या घेऊन जातात. आज रात्री दोघं मिळून दुकानाची गेल्या अडीच महिन्यांची बिलं काढा आणि ओआरएसची विक्री आठवड्यावार मांडा. एखाद्या आठवड्यात ती एकदम वाढलेली दिसली, तर ती तारीख घेऊन उद्या सकाळी वॉटरमनला गाठा.